मास्तरांचा डावा कान

खमैस मास्तरांनी मला तीन वर्षं व्हायोलिन शिकवलं. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी त्यांनी माझ्या आईला बोलावून घेतलं आणि सांगितलं, "पोराचे कान सोन्याचे आहेत, पण बोटं लाकडाची. उगाच फी वाया घालवू नका." आईला वाईट वाटलं. मला मात्र सुटल्यासारखं झालं. पुढे मी टेलिफोन खात्यात तंत्रज्ञ म्हणून लागलो. हम्माम-लीफ या आमच्या किनाऱ्यावरच्या गावात कुणाला गाणी ऐकायचं यंत्र घ्यायचं असलं की तो माझ्याकडे यायचा. मास्तर कधी समुद्राकडच्या रस्त्यावर भेटले की सोबतच्या माणसाला सांगायचे, "हा आमचा लुत्फी. माझ्या कानापेक्षा याच्या कानावर माझा जास्त भरवसा."

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात त्यांची मुलगी नजात आमच्या घरी आली. ती स्टेशनाजवळच्या औषधाच्या दुकानात काम करते, लग्न केलेलं नाही, वडिलांबरोबरच राहते. आम्ही एका वयाचे.

"आई गेल्यापासून बाबा दिवसभर फोन कानाला लावून बसतात," ती म्हणाली. "त्यांच्या वादक मंडळाच्या जुन्या कॅसेटी एका विद्यार्थ्याने डिस्कवर आणि फोनवर उतरवून दिल्यात. तेवढं जुन्या ढंगाचं मालूफ संगीत, आणि ते या एवढ्याशा फोनवर. मला बघवत नाही रे. त्यांना नीट काहीतरी घेऊन द्यायचंय. पण बाराशे दिनारच्या वर माझी उडी नाही."

"बाराशेत होईल," मी म्हणालो. "नीट होईल."

मी त्यांची खोली बघून आलो. लांबट खोली, खाली फरशी, तीन बाजूंना भिंतीला लागून बैठका, मास्तरांची खुर्ची खिडकीपाशी. एवढ्या खोलीला दांडगं काही लागत नाही. मी नजातला सांगितलं, निम्मे पैसे स्पीकरवर घालू, कारण आवाज शेवटी स्पीकरचाच असतो. ते फडताळावर मावतील एवढेच असू देत. रिसीव्हर, म्हणजे स्पीकरला आवाज पुरवणारा डबा, चाळीस वॅटचा असला तरी खूप झाला, फक्त त्याच्या पाठीमागे सबवूफर जोडायची सोय हवी.

"हा सबवूफर म्हणजे तो ठोकळा ना?" मास्तर खुर्चीतून म्हणाले. "लग्नाच्या मांडवात धडाधड करतो तो? मला नको बाबा. खालची म्हातारी पोलिसात जाईल."

"मास्तर, छोट्या स्पीकरला जाड आवाज पेलत नाही," मी म्हणालो. "मंडळात ऊद वाजतो, त्याची खालची तार ऐकायचीय ना तुम्हाला? मग ठोकळा लागेल. धडधडला तर मी स्वतः उचलून नेईन."

"बघ हं. शब्द दिलास."

शनिवारी मी ट्युनिसला मुंधिरच्या दुकानात गेलो. मुंधिर माझा जुना मित्र, नवा-जुना दोन्ही माल ठेवतो. कुणीतरी गाव सोडताना विकलेली लाकडी स्पीकरची जोडी त्याच्याकडे होती, ती ऐकताच मी बाजूला काढायला लावली. सबवूफर नवा घेतला, साधाच. मग त्याने एक लहान नवा रिसीव्हर पुढे ठेवला. "हा घे. स्वस्त आहे, वर्षाची हमी आहे, मास्तरांना पुरून उरेल."

तो पुरला असता, मला माहीत होतं. पण त्याच्या वरच्या फळीवर तो दुसरा होता, जो मी सहा महिने येता-जाता बघत होतो. मास्तरांसाठी नव्हे, माझ्यासाठी. माझी बायको सलवा हिने बजावलं होतं, घरात एक डबा यायचा असेल तर आधी एक बाहेर गेला पाहिजे. घरात माझा जुना रिसीव्हर होता. जपानी, वजनदार, पंधरा वर्षांचा. मुंधिरने माझी नजर पाहिली.

"जुना दे ना विकून," तो म्हणाला.

"तो डावीकडे अडखळतो."

"साफ केलास ना?"

"केलाय."

"मग झालं की."

झालं नव्हतं. रिसीव्हरच्या आत, प्रत्येक स्पीकरकडे जाणाऱ्या वाटेवर, एक रिले असतो. यंत्र सुरू केल्यावर क्षणाने टक् आवाज येतो ना, तो त्याचा. आत धातूची दोन टोकं एकमेकांना टेकतात आणि आवाजाला वाट मिळते. टोकांवर काजळी धरली की बारीक आवाज तिथेच अडतो. आवाज मोठा केला की तो काजळीतून रेटून पलीकडे जातो आणि सगळं ठीक असल्यासारखं वाटतं. माझ्या रिसीव्हरचा डावा रिले असाच झाला होता. मी औषध फवारून, कागदाच्या पट्टीने घासून तो चालता केला होता, पण असला रिले घासून फार तर दोन-चार महिने काढतो. बदलणं हाच उपाय. त्या मापाचा रिले आमच्याकडे मिळत नाही, फ्रान्सहून मागवावा लागतो. मी मागवला नव्हता. आळस, दुसरं काही नाही.

दुकानाबाहेर येऊन मी नजातला फोन केला. "एक जुना जपानी मिळतोय. आताच्या नव्या डब्यांपेक्षा घडण कितीतरी चांगली."

"तू म्हणतोस तर घे," ती म्हणाली. "मला त्यातलं काय कळतंय."

तो कुणाचा हे तिने विचारलं नाही. मी सांगितलं नाही. संध्याकाळी माझा नवा रिसीव्हर कपाटावर विराजमान झाला आणि सलवा म्हणाली, "जुना एवढ्यात गेला?" मी म्हटलं, "गेला. चांगल्या घरी गेला."

जोडणी शुक्रवारी दुपारी केली. दोन स्पीकर खुर्चीपासून सारख्या अंतरावर, कानाच्या उंचीला. तारांची टोकं सोलून लाल तार लाल भोकात, काळी काळ्यात. मग त्यांचा जुना डिस्क-प्लेअर जोडून डिस्क लावली. मी मान डोलावणार तेवढ्यात मास्तर म्हणाले, "हे सगळे भिंतीत जाऊन का बसलेत रे?"

"म्हणजे?"

"माणसं समोर नाहीत. विखुरलीत. मधे कुणीच नाही."

मी मागे जाऊन पाहिलं. उजव्या स्पीकरला मी लाल-काळ्याची अदलाबदल केली होती. एका स्पीकरचा पडदा पुढे येत होता तेव्हा दुसऱ्याचा मागे जात होता. माझ्या आधी ते त्यांनी पकडलं होतं. तार बदलली, आणि सगळं मंडळ समोर येऊन बसलं. मग सबवूफरची पाळी. तो मी चक्क त्यांच्या खुर्चीवर ठेवला आणि स्वतः गुडघ्यांवर रांगत, भिंतीकडेने कान लावत फिरलो. जिथे जाड आवाज घुमत नाही, साफ येतो, तिथेच ठोकळा ठेवायचा असतो.

"नजात, ये, बघ," मास्तर हसायला लागले. "सरकारी माणूस रांगतोय."

ठोकळ्याने कुठपर्यंतचा जाड आवाज उचलायचा, ती तोड ऐंशीवर ठेवली, आवाज अगदी बेताचा. मास्तर खुर्चीत बसले. खालच्या म्हातारीच्या भीतीने त्यांनी आवाज बराच कमी केला आणि डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांनी डावा हात उचलून डाव्या स्पीकरकडे बोट केलं.

"हा मी. डावीकडून दुसरा. एकोणीसशे एक्याऐंशी." आणि मग, "लुत्फी, बाळा, तू मला परत आणून बसवलंस रे."

नजातने बदामाचा चहा आणि मक्रूद, खजुराच्या वड्या, आणले. मी दोन मक्रूद खाल्ले. ते गोड लागले, हेही मला आठवतं.

पुढे दोनेक महिने सगळं ठीक चाललं. मी दोनदा जाऊन आलो. मी गेलो की मला ऐकवायला मास्तर आवाज मोठा करत, आणि मोठ्या आवाजात दोन्ही बाजू ठणठणीत वाजत. मी स्वतःला सांगितलं, टिकला.

एप्रिलच्या शेवटी मी सलवासाठी खोकल्याचं औषध आणायला नजातच्या दुकानात गेलो. ती गल्ल्यामागे उभी होती, चेहरा उतरलेला.

"बाबांचा डावा कान गेला," ती म्हणाली.

"गेला म्हणजे?"

"ऐकू येत नाही त्या बाजूने. पहिल्यांदा तुझ्या स्टिरिओवर लक्षात आलं. एक दिवस म्हणाले, मी कुठे गेलो? त्यांचं स्वतःचं व्हायोलिनच ऐकू येईना. बाकी सगळं येतं, ठोकळाही येतो, पण डावीकडचं नाही."

मला लगेच रिले आठवला. तरी मी विचारलं, "आवाज मोठा केला तर?"

"मोठा केला की येतं ना. म्हणून तर डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तपासणी केली, कागद दिला, थेंब दिले. डावा उजव्यापेक्षा थोडा कमी आहे. म्हणाले, व्हायोलिनवाल्यांचं होतं असं, साठ-साठ वर्षं डाव्या कानाखाली वाजवायचं म्हणजे. थोडाच कमी आहे म्हणाले, काळजी करू नका. पण बाबांनी एवढंच धरलंय की गेला. मुलांच्या शिकवण्या बंद केल्या. म्हणतात, ज्याला आपला सूर ऐकू येत नाही त्याने दुसऱ्याच्या पोराला काय शिकवायचं? आणि मेमधल्या मंडळाच्या कार्यक्रमाला नाही सांगितलं. एक्केचाळीस वर्षांत एकदा चुकला नाहीये तो."

मी तेव्हा सांगायला हवं होतं. ओळी तयार होत्या: नजात, कान नाही, डबा आहे, आणि तो डबा माझा आहे. दुकानात दुसरं गिऱ्हाईकही नव्हतं. माझ्या हातात औषधाची बाटली होती, मी तिच्यावरचं लेबल वाचत राहिलो, आणि माझ्या तोंडून निघालं, "वय झालं ना त्यांचंही."

"हो ना," ती म्हणाली, आणि डोळे पुसले.

घरी जाऊन मी पहिलं काम केलं ते रिले मागवण्याचं. तीन आठवडे लागतील असं उत्तर आलं. कार्यक्रम अठरा दिवसांवर होता. मी मनाशी हिशोब मांडला की रिले येईल, मी गुपचूप बसवीन, मास्तरांना डावीकडचं ऐकू येऊ लागेल, ते म्हणतील डॉक्टरच्या थेंबांनी गुण आला, आणि कुणाचं काही बिघडणार नाही. लवकर आला तर कार्यक्रमही हुकणार नाही. रोज टपालाची चौकशी करायचो. खरं बोलायला एक मिनिट पुरलं असतं, आणि त्यासाठी काही मागवावं लागलं नसतं. हे मला त्या अठरा दिवसांत रोज सकाळी कळत होतं. दाढी करताना कळायचं, आणि मी तोंड धुऊन कामावर जायचो.

रिले आला नाही. कार्यक्रमाला मी गेलो. गेलो नसतो तर कुणी विचारलं असतं, म्हणून गेलो. व्हायोलिनच्या ओळीत डावीकडून दुसऱ्या खुर्चीवर एक चष्मेवाला तरुण बसला होता, वाजवत होता चांगला. मास्तर प्रेक्षकांत होते, पहिल्या रांगेत, कोट घालून. सगळा वेळ ते मान किंचित डावीकडे वळवून, उजवा कान पुढे करून ऐकत होते. त्यांना तसं बसायची सवय लागली होती. मध्यंतरात लोक त्यांना भेटायला गेले. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

पाच दिवसांनी रिले आला.

"मास्तर, वर्षातून एकदा आतून साफ करावा लागतो," असं सांगून मी डबा उचलून आणला, घरी रिले बदलला आणि तिसऱ्या दिवशी परत नेऊन जोडला. नजातची सुट्टी होती. मास्तर ऐकायला फारसे उत्सुक नव्हते. "राहू दे रे, लावीन कधीतरी," म्हणाले. मीच डिस्क लावली. मला लवकर मोकळं व्हायचं होतं. आवाज अगदी बारीक ठेवला.

मास्तरांनी मान उचलली. मग म्हणाले, "आवाज वाढवलास?"

"नाही."

ते उठले, डाव्या स्पीकरपाशी गेले आणि जाळीसमोर हात धरला, शेगडीवर धरावा तसा. मग उजव्या स्पीकरपाशी गेले. परत आले. मी वाट बघत होतो, की आता म्हणतील, थेंबांनी गुण आला.

"गेल्या आठवड्यात इथे काही नव्हतं," ते म्हणाले. "तू डबा साफ केलास आणि माझा कान बरा झाला. हे कसं?"

मी उरलेली तार गुंडाळायला लागलो.

"आत काय केलंस ते सांग."

"एक भाग बदलला. डाव्या बाजूचा."

"तो केव्हा बिघडला?"

इथे अजून एक पळवाट होती. परवाच बिघडला, असं म्हणता आलं असतं. पण ते माझ्याकडे बघत होते. लहानपणी चुकीच्या सुरावर बोट पडलं की बघायचे तसेच, न रागावता, नुसती वाट बघत.

"आधीपासून," मी म्हणालो. "तुमच्याकडे यायच्या आधीपासून. दुकानातला नाही तो, मास्तर. माझाच आहे. मला नवा घ्यायचा होता."

नजात स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. तिने विचारलं, "मी तुला दुकानात सांगितलं, बाबांचा कान गेला म्हणून. तेव्हा तुला कळलं होतं?"

"हो."

"आणि तू म्हणालास, वय झालं."

"हो."

ती आत गेली. मास्तर खुर्चीत बसले. डिस्क चालूच होती आणि डावीकडून दुसरं व्हायोलिन अगदी स्पष्ट वाजत होतं.

"बंद करा तेवढं," मास्तर म्हणाले. "आणि तुम्ही या आता, लुत्फीसाहेब."

वयाच्या आठव्या वर्षापासून त्यांनी मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घेऊन घरी आलो असतो.

त्या संध्याकाळी मी सलवाला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी माझा नवा रिसीव्हर उचलला, मास्तरांकडे नेला, नजातने दार उघडलं, मी जोडून दिला आणि जुना घेऊन परत आलो. जुन्याचे म्हणून त्यांनी दिलेले पैसे पाकिटात घालून फडताळावर ठेवले. घरी आल्यावर सलवा म्हणाली, "डबा बदलून दिलास, छान केलंस. त्यांचा मे महिना कशाने बदलून देशील?"

मास्तरांनी जूनमध्ये शिकवण्या परत सुरू केल्या, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. मंडळातली खुर्ची मात्र त्यांनी मागितली नाही. तो तरुण बरा वाजवतो, त्याला कशाला उठवा, असं म्हणाले म्हणे. मी रस्त्यात दिसलो तर ते थांबत, "कसे आहात" विचारत, आणि पुढे जात.

ऑक्टोबरमध्ये नजातचा फोन आला. आवाज कोरडा होता. "सबवूफर गुणगुण करतो. सारखा. दुसऱ्या कुणाला बोलवावं तर कुणाला बोलवू? बाबा मंडळात तालीम ऐकायला गेलेत, पाचपर्यंत येत नाहीत. आत्ता ये."

मी गेलो. टीव्हीची तार नव्याने रिसीव्हरला जोडली होती आणि दोन्ही वेगवेगळ्या भिंतींतल्या प्लगवर होते, त्यातून गुणगुण येत होती. मी सगळं एकाच प्लगपट्टीवर आणलं. गुणगुण गेली. हत्यारं गोळा करत होतो तेवढ्यात मास्तर आले, चारलाच.

ते दारात क्षणभर थांबले. मग कोट काढून खुंटीला लावला.

"बसा," ते म्हणाले. "नजात, यांना चहा दे."

मी बैठकीच्या कडेवर बसलो. नजातने चहा आणला आणि आत निघून गेली. मास्तरांनी फडताळातून एक घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यापुढे उलगडला. डॉक्टरांनी दिलेला आलेख होता, दोन रेघा, एक लाल, एक निळी. उंच सुरांच्या टोकाला निळी रेघ, म्हणजे डाव्या कानाची, लालपेक्षा खाली उतरलेली होती.

"डॉक्टर खोटं बोलला नव्हता," ते म्हणाले. "हे बघा. डावा खरोखरच कमी आहे. थोडासाच. मला पत्ताच नव्हता. अजून चार-पाच वर्षं लागला नसता. मी वाजवत राहिलो असतो. तुमच्या डब्यामुळे तिथे गेलो आणि कळलं. आता प्रत्येक सुराला मी आधी कान तपासतो आणि मग सूर ऐकतो. काल एक मुलगी वाजवत होती, तिचा वरचा सूर चढा लागला, आणि मी तिला काही बोललोच नाही. म्हटलं, कोण जाणे, माझंच असेल."

"मास्तर, मी—"

"चहा घ्या."

मी चहा घेतला. त्यांनी कागद पुन्हा घडी घालून ठेवला. दारावरची घंटा वाजली. बहुधा तीच मुलगी असावी, हातात व्हायोलिनची पेटी होती. मास्तरांनी तिला आत घेतलं, व्हायोलिन सुरात लावायला सांगितलं. मी उठलो तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाच मिनिटं थांबलात तर बरं होईल. हिचा वरचा सूर ऐका आणि मला सांगा, चढा आहे का."

मी परत बसलो. मुलीने गज उचलला. सूर लागला, चांगलाच चढा.

"चढा आहे, मास्तर," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मग मुलीचं बोट धरून तारेवर केसभर मागे सरकवलं, आणि म्हणाले, "पुन्हा."